पुढचा ब्रेक मारू नको हां!

गेल्या महिन्यात एका मित्राला कॉफीसाठी भेटलो. डाव्या हाताचं बँडेज बघून तो म्हणाला, ‘काय बॉस, कुठे धडपडलास?’ मी म्हटलं, ‘गाडीचा ब्रेक फेल झाला.’ त्यावर तो एकदम सिरियस चेहरा करून म्हणाला, ‘ओह! बॅड लक यार.’ मग त्याने कॉफी मागवली आणि विषय अप्रेझलकडे वळला.

ते ‘बॅड लक’ मात्र माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. कारण तोपर्यंत मी त्या गाडीचे उघडलेले ब्रेक स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. त्यात लकचा काही संबंध नव्हता.

तर झालं असं...

सायखेडा हे माझं आजोळ. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, अगदी गोदावरीच्या काठावर. पूल ओलांडला की पलीकडे चांदोरी. द्राक्षं, ऊस, कांदा आणि डिसेंबरमध्ये हाडं गोठवणारी थंडी. दर हिवाळ्यात पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी येते ना, तोच हा भाग. आणि पावसाळ्यात बातमी येते ती पुराची. ऑगस्ट 2019 मध्ये टीव्हीवर पाण्यात बुडालेलं सायखेडा तुम्हीही बघितलं असेल. त्या पुराच्या आठवणी मामाच्या घरी अजून निघतात.

डेडलाइन्सचा कंटाळा आला की मी दोन दिवस तिकडे पळतो. या वेळीही पळालो. शनिवारी सकाळी मामी म्हणाली, ‘मला जरा चांदोरीला बहिणीकडे सोडशील का रे? तासाभरात परत येऊ.’ मी फुल टू तयार. मामाची हंड्रेड सीसी ओट्यासमोर उभीच होती. 2016 ची गाडी. तिच्यावरून दुधाचे कॅन गेलेत, कांद्याच्या गोण्या गेल्यात, एकदा तर शेळीचं करडूही गेलंय.

मामाने चावी देताना दोन सूचना दिल्या. ‘मागचा ब्रेक जरा कमी लागतो, दाबून मार. आन् पुढचा ब्रेक मारू नको हां, गाडी पलटती!’

आता तिसरी गोष्ट मी स्वतः सांगतो. घरात हेल्मेट एकच होतं. ते मी घेतलं आणि आरशाला अडकवलं. मामीने पदर डोक्यावरून घेतला आणि आम्ही निघालो. याच पानावर मी मागे हेल्मेटबद्दल भलंमोठं लेक्चर दिलं होतं. पण तेव्हा मनात काय आलं? ‘इथल्या इथे तर जायचंय!’

जाताना काहीच झालं नाही. येताना चांदोरी सोडली आणि पुलाच्या दिशेने निघालो. स्पीड फार नव्हता, पंचेचाळीसच्या आसपास असेल. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, भरून ओसंडणाऱ्या. मी बराच मागे होतो. ट्रॅक्टर अचानक हळू झाला. मी मागचा ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, फूटरेस्टच्याही खाली गेलं, चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि गाडी होती त्याच स्पीडने पुढे चालत राहिली.

मग मामाची दुसरी सूचना विसरून मी पुढचा ब्रेक पकडला. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकलं. केबल तुटली होती.

त्या दोन-तीन सेकंदांत आयुष्य वगैरे डोळ्यांसमोरून सरकलं नाही. डोळ्यांसमोर होते फक्त उसाचे बाहेर आलेले बुडखे, छातीच्या उंचीवर. मी गिअर खाली टाकले, हॉर्न दाबून धरला आणि गाडी डावीकडे रस्त्याखाली घातली. मातीत चाक रुतलं आणि आम्ही दोघं आडवे झालो. माझा डावा तळहात सोलून निघाला, बस. मामी मात्र डोक्यावर पडली. तिथे एक दगड होता.

आरशाला अडकवलेलं हेल्मेट गडगडत जाऊन शेताच्या बांधाला लागलं. त्यावर एक ओरखडाही आला नाही.

सीटी स्कॅनच्या दारात

लोक धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी जीप थांबवली. मामीच्या भुवईच्या वर फाटलं होतं, रक्त थांबत नव्हतं. गावात टाके घातले. तेवढ्यात तिला दोनदा उलटी झाली आणि डॉक्टर म्हणाले, ‘नाशिकला न्या, डोक्याचा स्कॅन करून घ्या.’

मंडळी, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरचा बाक हा जगातला सगळ्यात वाईट बाक आहे. मी आणि मामा तिथे पाऊण तास बसलो होतो. मामा एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, रागावलाय. नंतर लक्षात आलं, तो स्वतःवर रागावला होता. आणि मी मनातल्या मनात फक्त एक हिशेब करत होतो: हेल्मेट तिच्या डोक्यावर घालायला किती सेकंद लागले असते? पाच? सात?

स्कॅन क्लीन आला. मामी आता ठणठणीत आहे. पण क्लीन आला म्हणून मी बरोबर होतो, असं होत नाही ना! 2022 या एका वर्षाचे केंद्र सरकारचेच आकडे बघा. देशात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली. त्यातली 74 हजार 897 दुचाकीवरची, म्हणजे शंभरातली साधारण 44. हेल्मेट नसताना मेलेले 50 हजार 29 आणि त्यात 14 हजार 337 जण मागे बसलेले होते. माझ्या मामीसारखे. कुणाच्या तरी भरवशावर बसलेले.

हेल्मेटने खरंच फरक पडतो का, यावर जगभरातले अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये एक मोठा आढावा निघाला होता. त्याचं उत्तर सरळ आहे: अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मरण्याचा धोका साधारण 42 टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. नाशिक शहरात तर 15 ऑगस्ट 2021 पासून पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम काढली होती. तेव्हा पंपावर पेट्रोलपुरतं दुसऱ्याचं हेल्मेट घालणारे नग आपण सगळ्यांनी बघितलेत. हसलोही होतो. पण आरशाला हेल्मेट अडकवणारा मी त्यांच्यापेक्षा वेगळा कसा?

नटाची गोष्ट

दुसऱ्या दिवशी मामा गाडी टेम्पोत टाकून गॅरेजला घेऊन गेला. मीही गेलो. गॅरेजवाल्या भाऊंनी मागचं चाक काढायच्या आधीच मला खाली बसवलं आणि बोट दाखवलं. ‘हे बघा दादा, इथंच सगळं लिहिलेलं आहे.’

ड्रम ब्रेकच्या गाडीला पेडलपासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी रॉड जातो. त्याच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर एक नट. चाकाच्या आत ब्रेक शू असतात, ते ड्रमवर घासून गाडी थांबवतात. शू झिजले की पेडल खोल जायला लागतं. मग आपण काय करतो? नट दोन फेरे आवळतो. ब्रेक पुन्हा ‘लागतो’. पुन्हा झिजतो, पुन्हा आवळतो. मामाच्या गाडीचा नट आट्यांच्या पार शेवटाला जाऊन बसला होता. आवळायला जागाच नव्हती. म्हणजे आत शूवरचं घासायचं मटेरियलही संपलं होतं. चाक उघडल्यावर दिसलं, नुसतं लोखंड ड्रमवर घासत होतं.

बऱ्याच गाड्यांवर ब्रेकच्या बाहेरच एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेपर्यंत गेला की समजायचं, शू बदला. मामाच्या गाडीवरही तो होता. चिखलाच्या थराखाली.

आणि पुढची केबल? ती तर वापरलीच जात नव्हती. भाऊंनी तुटलेलं टोक माझ्या हातावर ठेवलं. गंजून तपकिरी झालेल्या तारा, लिव्हरजवळच एकेक करून तुटत आलेल्या. वर्षानुवर्षं कुणी तेलाचा थेंब टाकला नाही, कुणी दाबून बघितला नाही. ज्या दिवशी पहिल्यांदा जोर लावला, त्या दिवशी उरलेल्या चार तारा गेल्या.

सगळं नवीन टाकायचा खर्च आठशे रुपयांच्या आत आला, मजुरीसकट. आपण एका मल्टिप्लेक्सच्या संध्याकाळी याहून जास्त उडवतो.

‘गाडी पलटती’चं काय?

आता मामाच्या त्या फेमस सूचनेकडे येऊ. ‘पुढचा ब्रेक मारू नको’ हे तुम्हालाही कुणी ना कुणी सांगितलेलं आहे. सायकल शिकताना काकांनी, स्कूटर शिकताना दादाने. ते अगदीच चुकीचं नाही. वाळूवर, चिखलात किंवा वळणावर गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक झटक्यात आवळला तर चाक लॉक होतं आणि आपण जमिनीवर.

पण सरळ, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं. बसमध्ये ब्रेक लागल्यावर आपण पुढच्या सीटवर आदळतो, तसंच. पुढचं टायर रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. थांबवण्याची निम्म्याहून बरीच जास्त ताकद पुढे असते. फक्त मागचा ब्रेक वापरणं म्हणजे ही ताकद घरी ठेवून निघणं.

ट्रिक सोपी आहे. दोन्ही ब्रेक एकत्र आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा, हळूहळू वाढत्या जोराने. झटका नाही.

आपल्याकडे लोक पुढचा ब्रेक वापरतच नाहीत, मग यंत्रानेच त्याची सोय केली. एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेल्सना आणि एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या दुचाकींना नियम लागला: 125 सीसीपेक्षा मोठ्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला निदान सीबीएस. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागतो. एबीएसमध्ये चाक लॉक होत नाही. मामाची गाडी या नियमाच्या आधीची. अशा गाड्या अजून ढिगाने रस्त्यावर आहेत. कदाचित तुमच्या पार्किंगमध्येही.

‘माझ्या गाडीला डिस्क आहे रे!’

ऐकू आलं मला. डिस्क असेल तर छानच. पण डिस्कचा ब्रेक तेलावर चालतो आणि हे तेल हवेतला ओलावा पिऊन घेतं. गाड्यांमध्ये सर्रास असतं ते डॉट फोर ब्रेक ऑइल. स्टँडर्ड असं सांगतं, की नवीन असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये. ठरावीक ओलावा मुरल्यावर हाच आकडा 155 वर येतो. आता संडेला सिंहगडावरून उतरताना आपण काय करतो? पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल आणि सगळा रस्ता ब्रेकवर पाय. तेल तापतं, जुनं असेल तर उकळतं, पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा ते बुडबुडेच दबतात, ब्रेक नाही. लिव्हर स्पंजसारखं मऊ लागायला लागलं, की ती शेवटची घंटा समजा.

म्हणून घाटात एकच फंडा: ज्या गिअरमध्ये गाडी चढते, साधारण त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. ब्रेक मारायचा, सोडायचा, त्याला गार व्हायला वेळ द्यायचा. आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालवली तरीही.

आणि हो, फक्त आपला ब्रेक नीट असून भागत नाही. 8 डिसेंबर 2022 ला नाशिक-पुणे हायवेवर पळसे गावाजवळ एका एसटी बसचे ब्रेक फेल झाले. बस वाहनांना धडकत गेली, नंतर पेटली. त्यात जीव गेला तो दोन मोटरसायकलवाल्यांचा. त्यांची काय चूक होती? काहीच नाही. तेव्हापासून मी सिग्नलला किंवा टोलच्या गर्दीत दोन मोठ्या गाड्यांच्या मधोमध उभा राहत नाही. कडेला राहतो, गाडी गिअरमध्ये ठेवतो आणि आरशात बघत राहतो. सगळं टळेल असं नाही, पण सरकायला जागा तरी राहते.

फेल झालाच तर?

थ्रॉटल पूर्ण सोडा. क्लच दाबून धरू नका, कारण मग इंजिन गाडीला अडवणं बंद करतं. एकेक गिअर खाली टाका. डिस्क असेल तर लिव्हर भराभर पंप करा, कधी कधी प्रेशर परत येतं. दुसरा ब्रेक वापरा. हॉर्न वाजवत राहा. जिथे धडकायचं नाही त्या वस्तूकडे बघू नका, मोकळ्या जागेकडे बघा. गाडी नजरेच्या मागे जाते. चढ, माती, शेत, जे मिळेल ते घ्या. आणि हे सगळं जमायला वेळ लागतो. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ 17 मीटर जाते. पुढच्या गाडीपासूनचं अंतर म्हणजे तोच वेळ. मी त्या ट्रॅक्टरच्या मागे चिकटून असतो, तर हा कॉलम दुसऱ्या कुणीतरी माझ्याबद्दल लिहिला असता.

रविवारचा दहा मिनिटांचा उद्योग

एक. गाडी हाताने ढकला, आधी फक्त पुढचा आणि मग फक्त मागचा ब्रेक दाबून बघा. दोन्ही एकेकटे गाडी थांबवतायत का?

दोन. मागच्या रॉडवरचा नट बघा. किती आटे उरलेत? बाण कुठे आहे?

तीन. पुढची केबल लिव्हरजवळ आणि खाली चाकाजवळ बघा. एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला.

चार. डिस्क असेल तर हँडलवरच्या डबीतल्या तेलाची पातळी आणि रंग बघा. पातळी खाली गेली असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. काळपट झालं असेल तर बदला.

पाच. पाण्यातून किंवा धुऊन काढल्यावर सुरुवातीला दोन-चार वेळा हलका ब्रेक मारा. ओला ब्रेक लगेच धरत नाही.

सहा. दुसरं हेल्मेट. आयएसआय मार्कवालं, मागे बसणाऱ्याच्या मापाचं. हुकला नाही, डोक्यावर.

त्या रविवारी संध्याकाळी गाडी परत आली. मामा ओट्यावर बसला होता, मामीला नुकतंच दवाखान्यातून घरी आणलं होतं. बराच वेळ गप्प बसून मामा म्हणाला, ‘गंगापूर धरणातून पाणी सोडलं असा फोन आला, की आपण पाणी गावात यायच्या आत धान्याची पोती वर चढवतो. कुणी म्हणत नाही, बघू उद्या. आन् ही गाडी सहा महिने सांगत होती, ब्रेक कमी लागतोय. मी नट आवळत बसलो.’

कमी लागतोय. आपण सगळेच म्हणतो हे वाक्य. ‘ब्रेक जरा कमी लागतो, पण चालतंय.’ सर्व्हिसिंगचा मेसेज येतो, आपण स्वाइप करतो. मग एक दिवस ब्रेक ‘अचानक’ फेल होतो आणि मित्र कॉफी पीत म्हणतात, बॅड लक यार.

पुण्याला निघालो तेव्हा मामा मला फाट्यापर्यंत सोडायला निघाला. गाडीला किक मारली, तोच आतून मामीचा आवाज आला, ‘थांबा ओ!’ डोक्याला पट्टी तशीच, हातात दोन हेल्मेटं. एक तेच जुनं, एक शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं. एक मामाच्या हातात दिलं. दुसरं माझ्या डोक्यावर स्वतः चढवलं, पट्टा ओढून लावला आणि म्हणाली, ‘आता जा. आन् पुढचा ब्रेकबी मारत जा रे बाबा!’